मदत हवी आहे: स्टिअरिंगमधून 'टक्' आवाज, गॅरेजवाले म्हणतात चाकं वळवणारा अख्खा रॅक बदला

मंडळी, गाडीतल्या जाणकारांचा सल्ला हवाय. २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, सत्तर हजाराच्या आसपास चाललेली. स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे ऑइल, पंप, बेल्ट ही भानगड नाही. राहतो मानपाड्याला, ऑफिस वागळे इस्टेटला. घोडबंदर रोड आणि त्याच्या सर्व्हिस रोडबद्दल ठाणेकरांना वेगळं काय सांगायचं!

आवाज असा: गाडी पार्किंगमध्ये उभी, इंजिन चालू, चाकं सरळ. स्टिअरिंग चार बोटं इकडेतिकडे हलवलं की अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एकच 'टक्'. दिशा बदलली की पुन्हा एक. कानापेक्षा तो हाताला जास्त कळतो, आणि क्लचवर पाय असेल तर तळव्यालाही. टोकापर्यंत वळवत नेलं तर वाटेत काही नाही. सरळ जाताना स्पीडब्रेकरवर, पेव्हर ब्लॉकवर गाडी गप्प. कापूरबावडीच्या सिग्नलला हळूहळू सरकत लेन बदलताना मात्र हमखास. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही, टायर सारखे झिजलेत.

एका गॅरेजने लिंक रॉड (सस्पेन्शनच्या छोट्या दांड्या) बदलून दिले. आवाज जागेवरच. दुसऱ्याने ट्रायल घेतली, वर लिफ्टवर चढवून चाकं हलवली आणि 'रॅक गेलाय साहेब' म्हणून पाच आकडी कोटेशन हातात ठेवलं. रॅकमध्ये नेमकं काय गेलंय विचारलं तर 'आतून प्ले (ढिलेपणा) आहे' एवढंच. रॅक गेला असेल तर बदलेन, पण नुसत्या अंदाजावर नाही. घरी काही तपासता येईल का? आणि तोवर गाडी चालवावी की उभी ठेवावी?

दहा-बाराचा पाना:
लक्षणं नीट लिहिलीत, अर्धं काम झालं. गाडी उभी असताना आवाज येतोय म्हणजे व्हील बेअरिंगवरचा संशय बाद. एक्सलचा सीव्ही जॉइंटही बाद, तो गाडी वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर कटकट करतो. शॉकअपच्या वरचं माउंट खराब असतं तर जास्त वळवल्यावर स्प्रिंग अडकून सुटल्याचा 'टंग' आला असता. लिंक रॉड आणि लोअर आर्म खड्ड्यात बोलतात, तुमची गाडी तिथे गप्प आहे. उरलं काय? टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचं चाकाकडचं टोक), रॅक एंड (तिचं रॅककडचं टोक), रॅक स्वतः, आणि स्टिअरिंग कॉलमपासून रॅकपर्यंत जाणारा जोड-शाफ्ट. त्या शाफ्टला दोन क्रॉस जॉइंट (कोनात फिरू देणारे सांधे) असतात. पायाला जाणवतंय म्हटलात, म्हणून माझा पहिला संशय तोच.

तपासायचं असं. एकाला सीटवर बसवून स्टिअरिंग हळू हळू, थोडंच हलवायला सांगा. तुम्ही पेडलच्या वर वाकून क्रॉस जॉइंटवर बोटं टेकवा, फटीत घालू नका. मग तेच इंजिन बंद ठेवून करा, चावीने स्टिअरिंग लॉक मात्र सोडवून ठेवा. इंजिन बंद असताना स्टिअरिंगची इलेक्ट्रिक मोटर जोर देत नाही. तरीही 'टक्' तसाच आला तर मोटरवर पैसे घालू नका. टाय रॉड बघायचा तर चाक एका बाजूला वळवून कमानीतून हात जातो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

ऐरोलीकर:
सहमत. एक भर घालतो. काही मिस्त्री रॅकचा ॲडजस्टिंग नट आवळून आवाज घालवून देतात. जास्त आवळला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. पुलावर ते फार वाईट. रॅक बॉडीला धरणारे बोल्ट आणि त्यांचे रबर बुश मात्र आधी बघायला सांगा, ते ढिले असले तरी असाच ठोका येतो.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही. आज मुलाला सीटवर बसवून बघितलं. इंजिन बंद, तरी आवाज तसाच. खालच्या क्रॉस जॉइंटवर बोट ठेवलं तर प्रत्येक ठोका स्पष्ट लागतो, वरच्यावर जवळपास नाही. टाय रॉडला दोन्ही बाजूंनी काहीच लागलं नाही. आता ग्रीस मारून चालेल की शाफ्टच घ्यायचा?

दहा-बाराचा पाना:
तो सीलबंद जॉइंट आहे, ग्रीस आत जात नाही. थोडे दिवस आवाज दबेल, एवढंच. बहुतेक गाड्यांना शाफ्ट वेगळा मिळतो, चासी नंबर देऊन पार्ट मागवा. प्ले आहे म्हणजे लांबचा प्रवास नको, आणि स्टिअरिंग सैल वाटलं तर गाडी तिथेच उभी करून टो करा. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडून चावी परत घ्या.

मिस्त्रीला दोन गोष्टी बजावा. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना खूण करायची, नाहीतर एक दात चुकला तरी स्टिअरिंग वाकडं बसतं. आणि शाफ्ट सुटा असताना स्टिअरिंग बांधून ठेवायचं. ते गरागरा फिरलं तर आतला क्लॉक स्प्रिंग (हॉर्न-एअरबॅगच्या वायरची गुंडाळी) तुटतो, मग हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू. जुना शाफ्ट मागून घ्या आणि क्रॉस हाताने हलवून बघा, प्ले लगेच कळेल.