चर्चा धागा: ऑफिसचं कार्पेट भिजवणं बंद करूया म्हटलं, तर एवढा राग का?

गालिचा_अंधेरी (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात हाऊसकीपिंगवाल्यांच्या एका बैठकीत मी म्हणालो, दर तीन महिन्यांनी एक्स्ट्रॅक्टर लावून ऑफिसचं कार्पेट भिजवू नका, एनकॅपवर या. निम्मी माणसं अंगावर आली. 'पाण्याशिवाय कधी काही स्वच्छ होतं का?' तिथे गोंधळात बोलता आलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

धंद्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक्स्ट्रॅक्टर कार्पेटमध्ये गरम पाणी जोराने सोडतो आणि लगेच ओढून घेतो. लोक त्याला स्टीम म्हणतात, पण ती वाफ नसते, पाणीच असतं, आणि ते सगळं परत येत नाही. एनकॅपमध्ये पॉलिमर असलेलं केमिकल हलकं फवारून ब्रशने किंवा पॅडने घोळवतात. ते मळाला वेढून सुकतं, त्याचे ठिसूळ कण होतात आणि पुढच्या व्हॅक्यूममध्ये निघून जातात. तास-दोन तासांत कार्पेटवर चालता येतं. एक्स्ट्रॅक्टरनंतर हेच सहा तासांपासून पुढच्या दिवसापर्यंत लांबतं.

मी काही माहितीपत्रक वाचून बदललो नाही. काही वर्षांपूर्वी, जुलैत, अंधेरीतल्या एका ऑफिसचा मजला आम्ही शुक्रवारी रात्रभर बसून धुतला. शनिवार-रविवार बिल्डिंगचा एसी बंद असतो हे मी विचारलंच नव्हतं. सगळीकडे न उघडणाऱ्या काचा आणि बाहेर धो धो पाऊस. सोमवारी सकाळी सातला फोन आला. लिफ्टचं दार उघडलं आणि ओल्या पोत्याचा वास नाकात शिरला. शुक्रवारी गेलेला कॉफीचा डाग परत आला होता, आधीपेक्षा मोठा, कडेला तपकिरी. समईच्या वातीतून तेल चढावं तसा खाली मुरलेला डाग पाण्याबरोबर वर चढतो. ऑफिसचं कार्पेट चौकोनी तुकड्यांत बसवलेलं असतं, त्या तुकड्यांना टाइल म्हणतात. टाइलखाली रेज्ड फ्लोअर, म्हणजे पोकळी, आणि त्या पोकळीत केबली. एका फ्लोअर बॉक्समध्ये, म्हणजे जमिनीतल्या प्लगच्या डबीत, पाणी साचलेलं. बिल कापलं गेलं, काँट्रॅक्टही गेलं.

त्यानंतर एका ओळखीच्याने मला दोन वाट्या दाखवल्या. एकीत आमचा रोजचा कार्पेट धुण्याचा शाम्पू, दुसरीत एनकॅपचं केमिकल, दोन्ही दोन दिवस उघड्यावर सुकवलेले. शाम्पूच्या वाटीत बोट घातलं तर गुळाच्या पाकासारखं चिकटलं. दुसऱ्या वाटीतला थर नखाने खरवडल्यावर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा फुटला. धुतलेलं कार्पेट महिन्याभरात पुन्हा काळं का पडतं, हे मला त्या दिवशी समजलं. मळ त्या चिकटपणावर बसत होता, आणि तो चिकटपणा आम्हीच मागे ठेवत होतो.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या हवेत, आपल्या बंद बिल्डिंगांत, ऑफिसच्या टाइलसाठी कमी पाणी हीच नेहमीची पद्धत हवी. एक्स्ट्रॅक्टर गरजेपुरता.

पाणीवाला_पुणे

दादा, तुमचा अनुभव खरा, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटला नाही. दोष पाण्याचा नव्हता, वाळवण्याचा होता. पाणी सोडून एकदा ओढलं, की पाणी न सोडता आणखी दोनदा ओढायचं. ब्लोअर लावायचे. एसी चालू राहील असं बिल्डिंगकडून लेखी घ्यायचं. आणि शाम्पू चिकटतो कारण आपली पोरं अंदाजाने ओततात आणि साध्या पाण्याचा हात मारत नाहीत. चांगल्या केमिकलने, नीट खंगाळून केलेल्या कामात वाटी चिकटत नाही.

दुसरं म्हणजे, एनकॅपच्या सहा-सात फेऱ्या झालेल्या साइट शेवटी माझ्याकडेच येतात. वरून ठीक दिसतात, पण धागे बोटांनी बाजूला करून बघा, मुळाशी करडा थर असतो. आम्ही लावल्यावर टाकीत जे काळंकुट्ट पाणी येतं ते मी क्लायंटला बोलावून दाखवतो. तुमच्या पद्धतीत हा मळ जातो कुठे?

गालिचा_अंधेरी

वाळवण्याबद्दल मान्य, ती चूक माझी होती. पण काळ्या पाण्याचं उलटं बघा. त्यातला बराच भाग कोरडी धूळ असते, चपला-बुटांबरोबर आलेली माती. ती कोरडी असताना व्हॅक्यूमने निघायला हवी होती. आपण ती आधी भिजवून चिखल करतो आणि मग चिखल उपसतो. मी आता पाणी हातात घेण्याआधी सावकाश, आडवा-उभा व्हॅक्यूम मारायला लावतो. कामाच्या वेळातला निम्मा वेळ त्यातच जातो.

टाइलखाली

मी क्लायंटच्या बाजूने, म्हणजे ऑफिसची देखभाल बघणाऱ्या फॅसिलिटी विभागात आहे. तुम्ही दोघेही मूळ कारण सोडून बोलताय. आमच्याकडे हा बदल स्वच्छतेच्या विचारातून आलाच नाही. हिंजवडीत माझ्याकडच्या तीन मजल्यांपैकी दोन मजले रात्री भरलेले असतात, कारण काम अमेरिकेच्या वेळेवर चालतं. शिफ्ट सुटते आणि दुसरी बसते, त्यात मला जेमतेम तीन तास मिळतात. ओलं कार्पेट मला परवडतच नाही. व्हेंडरला सांगितलं, तीन तासांत सुकणारं आणा, नाहीतर दुसरा बघतो. त्याने महिन्याभरात मशीन बदललं.

पण एक गोष्ट कबूल करते. टेंडरमध्ये आम्ही नुसतं 'ड्राय क्लीनिंग' लिहितो. मग सगळ्यात कमी दरवाला येतो, सिंगल डिस्कला, म्हणजे फरशी घासायच्या गोल मशीनला, बोनेट नावाचा कापडी पॅड लावतो, एकच पॅड अख्ख्या मजल्यावर फिरवतो आणि मळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतो. पाणी कमी लागतं हे खरं, पण काम झालेलं नसतं. पॅड किती फुटांनी बदलायचा, आधी व्हॅक्यूम किती वेळ, हे टेंडरमध्ये आम्ही लिहीत नाही तोवर पाणीवाल्यांचा राग मला योग्यच वाटतो.

पाणीवाला_पुणे

ताई, हेच मला म्हणायचं होतं. कमी पाण्याच्या नावाखाली दर निम्म्यावर आले. नीट काम करणारा त्या दरात टिकत नाही.

रात्रपाळी

मी सुपरवायझर आहे, बारा वर्षं मजल्यावर. मशीनची चर्चा करताना ते चालवणारी माणसं कुणी मोजत नाही, म्हणून लिहिते. एक्स्ट्रॅक्टरच्या रात्री बाथरूमच्या नळावरून बादल्या आणायच्या, टाकी भरायची, घाण पाण्याची टाकी उचलून ओतायची, असं रात्रीतून पंधरा-वीस वेळा. मावशींच्या पाठी गेल्या त्यात. ओल्या कार्पेटवरून लिफ्टसमोरच्या लादीवर पाय पडला की घसरायला होतं, माझ्यासमोर एक मुलगा मनगटावर पडला. एनकॅप आल्यावर हे ओझं खरंच उतरलं.

पण व्हॅक्यूमचा वेळ वाढला आणि मास्क कुणी देत नाही. पिशवी भरली तरी बदलून मिळत नाही, धूळ मागून परत बाहेर येते. ट्रेनिंग म्हणजे केमिकलवाल्याचा माणूस अर्धा तास येऊन गेला. पहिल्या महिन्यात मुलं जुन्या सवयीने केमिकल ओतत होती, फवारत नव्हती. नवी पद्धत आणली पण हात तेच ठेवले, तर कार्पेट पुन्हा ओलंच होणार.

न्यूजर्सीकर

ऑफिसचं मला माहीत नाही, आमच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे, लांब धाग्यांचं, खाली फोम. धाकट्याने दोनदा उलटी केली. दुसऱ्या वेळी केमिकल फवारून घासणारा माणूस बोलावला, दोन तासांत सुकलं, आणि पहिल्या गरम दिवशी वास परत. घाण फोमपर्यंत गेलेली, वरून घासून काय होणार! शेवटी गरम पाणीवालाच आला. आमच्या कार्पेटच्या वॉरंटीतही ठरावीक काळाने गरम पाण्याने धुवून पावती ठेवा असंच लिहिलंय. म्हणून 'पाणी वाईट' असं सरसकट म्हणू नका.

गालिचा_अंधेरी

सरसकट म्हणत नाही. उलटी, कुत्र्या-मांजराची लघवी, सांडलेलं दूध, यांना पाणी लागतंच, खालपर्यंत. माझ्याकडे एक्स्ट्रॅक्टर आहे आणि तो विकणार नाही. फक्त पाणी सोडलं की एक ते दोन दिवसांच्या आत पूर्ण सुकलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. पावसाळ्यातल्या मुंबईत बंद मजल्यावर ती खात्री मी देऊ शकत नाही. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये पाणीवाले देऊ शकत असतील.

हळद_आणि_मी

थोडं अवांतर, पण दोन्ही बाजूंना लागू. डब्यातली भाजी सांडली होती. मुलाने अल्कलीचा प्रीस्प्रे, म्हणजे धुण्याआधी फवारायचं केमिकल, मारला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला. क्लायंटच्या बाई किंचाळल्याच. हळद अल्कलीत लाल होते, आपल्याकडे कुंकूही चुना घालून असंच करतात, पण त्या क्षणी कुणाला आठवत नाही. पाणी जास्त की कमी हा वाद करताना, केमिकल काय आहे हे बाटलीवर वाचायला शिकवा पोरांना. लोकरीच्या भदोही गालिच्यावर तर फारच जपून.

पाणीवाला_पुणे

बरोबर. लोकर मी साइटवर करतच नाही, उचलून घेऊन येतो.

गालिचादादा, वाद लिहून मिटणार नाही. तुमची दोन-तीन वर्षं फक्त एनकॅपवर असलेली एक साइट दाखवा. पँट्रीच्या दारातल्या दोन टाइल आणि लिफ्टसमोरच्या दोन. कोपऱ्यातल्या नकोत, तिथे कुणी चालत नाही. मी माझं मशीन आणतो, त्या चार टाइलवर लावतो, आणि टाकीत किती काळं येतं ते दोघं बघू.

गालिचा_अंधेरी

या. पवईला आहे एक, अडीच वर्षं झाली. फक्त मशीन लावण्याआधी त्याच टाइलवर दहा मिनिटं माझा व्हॅक्यूम फिरेल. आणि काम झाल्यावर टाइल उचलून खालची बाजू हाताने बघायची, दोघांनी.

रात्रपाळी

तारीख ठरली की इथे टाका. मी येते. आणि पाण्याच्या बादल्या तुम्ही दोघांनी उचलायच्या.

पाणीवाला_पुणे

उचलतो. पुढच्या शनिवारी, रात्री दहाला?

टाइलखाली

त्या बिल्डिंगचा एसी शनिवारी रात्री चालू असतो का, ते आधी विचारा.