सू काउंटीतली जमीन: एकरी तीस हजार डॉलर हा शेतीचा भाव आहे का?

काळीमाती
अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्येला असलेल्या सू काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) नोव्हेंबर २०२२ मध्ये ७३ एकरांचा एक तुकडा लिलावात एकरी ३०,००० डॉलरला गेला. राज्यातला तोवरचा उच्चांक. तेव्हाच्या दराने साधारण २४-२५ लाख रुपये एकर. अजूनही इथे जमिनीचा विषय निघाला की लोक हा आकडा अभिमानाने सांगतात. मला तो अभिमान पटत नाही, म्हणून हा धागा.

हिशेब करून पाहा. इथल्या चांगल्या रानात मका एकरी २०० बुशेलच्या पुढे जातो, म्हणजे आपले पन्नास क्विंटल. बुशेलला ४ डॉलर धरा, २०२४ मध्ये भाव त्याच्याच आसपास होता. झाले ८०० डॉलर. त्यातून बियाणं, खत, फवारणी, डिझेल, विमा सगळं भागवायचं. आणि ३०,००० डॉलरवर ७ टक्क्यांनी नुसतं व्याजच होतं २,१०० डॉलर. खर्च शून्य धरला तरी पीक व्याजाच्या निम्म्यालाही पुरत नाही.

मग ही जमीन कोण घेणार? ज्याच्या आधीच्या जमिनीवर एक डॉलरही कर्ज नाही तो, किंवा ज्याचा पैसा शेतीतून आलेलाच नाही तो. मी जनावरांच्या खाद्याच्या व्यवसायात आहे, रोज कुठल्या ना कुठल्या शेडवर जातो. दुसऱ्याची डुकरं सांभाळणारी, शेतीची उत्तम जाण असलेली तरुण पोरं भेटतात. बापाची जमीन नसेल तर त्यांना स्वतःचं रान कधीच मिळणार नाही. गुंतवणूक म्हणून जमीन घेणाऱ्यांना शेतजमीन खरेदीची बंदी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडेमोड
पूर्ण असहमत. शेतकर्जाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एका लिलावावरून बाजार ठरत नाही. आयोवा स्टेट विद्यापीठाची जमीन-भावाची पाहणी दरवर्षी होते. तिच्यात राज्याची सरासरी २०२३ मध्ये एकरी ११,८३५ डॉलर होती, तो उच्चांक. २०२४ मध्ये ती ११,४६७ वर आली. दक्षिण सीमेवरच्या डेकॅटर काउंटीत, जिथे चढउताराची कुरणं जास्त, भाव याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

दुसरं, विकत कोण घेतं? त्याच पाहणीत सुमारे सत्तर टक्के खरेदीदार स्थानिक शेतकरी निघतात. लिलावात शेवटपर्यंत बोली वाढवत राहणारे दोघे बहुतेक वेळा एकाच खडीच्या रस्त्यावर राहतात. शेजारचा तुकडा पिढीतून एकदा विकायला निघतो, आता गेला तर नातवाच्या वेळेला, हे दोघांनाही माहीत असतं. शेतजमीन घेणारे अब्जाधीश म्हणून बिल गेट्सचं नाव प्रत्येक चर्चेत येतं, पण त्यांची आयोवातली जमीन हजार एकरही नाही. परदेशी व्यक्तींच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या जमीनखरेदीवर आयोवात कायद्याने कधीपासून निर्बंध आहेत. आता अजून कोणाला रोखायचं?

रानवारा
एक मुद्दा राहतोय: शेणखत. इथल्या भाषेत डुकरांच्या शेडखालच्या हौदातलं पातळ खत.

सू काउंटी जनावरांच्या बाबतीत राज्यात अगदी पुढे आहे: डुकरं, मांसाची गुरं, दुभती जनावरं, अंड्यांच्या कोंबड्या. मोठ्या शेडवाल्याला खताची विल्हेवाट कशी लावणार याचा आराखडा सरकारला द्यावा लागतो. एकरी किती नत्र, किती स्फुरद टाकायचं याला मर्यादा असते. म्हणजे शेड वाढवायची तर जवळपास जमीन हवीच. मका निघाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रानात लांबलचक पाइप ओढत ट्रॅक्टर फिरतात आणि ते खत मातीच्या आत सोडतात. विकतच्या खताचा बराच खर्च वाचतो. त्यामुळे काळीमाती यांचा हिशेब मक्यापुरता बरोबर आहे, पण शेडवाला मक्याचा हिशेब करून बोली लावत नाही. त्याच्यासाठी ती जमीन धंद्याचा भाग आहे.

मातीचाही वाटा आहेच. आयोवात मातीला १०० पैकी गुण असतात, सीएसआर-टू म्हणतात. लिलावाच्या पत्रकावर एकरांच्या आकड्याशेजारीच ते छापलेले असतात.

दिंडोरीकर
इकडून सांगतो. २५ लाख एकर ऐकून आमच्याकडे कोणी भुवई उंचावणार नाही, रस्त्याकडेची बागायती जमीन त्या भावात मिळायचीच नाही.

आणि बंदीने भाव उतरतो हे कोणी सांगितलं? महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. १९६१ च्या कायद्याने कमाल धारणा कोरडवाहूला ५४ एकर, बारमाही बागायतीला १८ एकर. एवढं असून भाव कुठे थांबले? ज्याला घ्यायचीच आहे तो आजोबांच्या नावचा सातबारा शोधून काढतो.

काळीमाती
दिंडोरीकर, तुमच्याकडे भाव शहर ठरवतं. एमआयडीसी, महामार्ग, बंगल्यांचे प्लॉट. सू काउंटीची सगळी मिळून लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास, जवळ पुणे-नाशिक काही नाही. इथे जमीन शेतीसाठीच विकत घेतली जाते, म्हणून तो भाव शेतीला पेलवायला हवा, एवढंच म्हणतो.

रानवारा, खताचं तुम्ही लिहिलंत ते रोज डोळ्यांनी बघतो. पण त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. ज्याच्याकडे दहा शेड आहेत तोच अकराव्यासाठी जमीन घेणार. खत हा त्याचा फायदा, नवख्याकडे तो कुठून यायचा?

आकडेमोड
भाव उतरावेत असं म्हणणाऱ्यांनी १९८० चं दशक आठवावं. आयोवाची सरासरी १९८१ मध्ये २,१४७ डॉलर होती, १९८६ मध्ये ७८७. पाच वर्षांत जवळजवळ दोन तृतीयांश किंमत गेली. त्याआधी सोव्हिएत संघाला धान्य पाठवायला बंदी झाली होती, महागाई आवरायला व्याजदर आकाशाला भिडवले गेले होते. बुडाले कोण? सत्तरच्या दशकात कर्ज काढून जमीन घेतलेले तरुणच. म्हातारे, कर्जमुक्त मालक तगले. तुम्ही ज्यांच्यासाठी भांडताय, पडझडीत पहिला बळी त्यांचाच जातो.

रानवारा
आता परिस्थिती ती नाही. विद्यापीठाच्या २०२२ च्या मालकी-पाहणीनुसार आयोवातली ८४ टक्के शेतजमीन कर्जमुक्त आहे. भाव थोडा उतरला म्हणून बँका घरं-ट्रॅक्टर ओढून नेणार नाहीत.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो: दोन तृतीयांश जमीन ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या लोकांच्या नावावर. आणि ते जिवंतपणी विकत नाहीत, कारण विकली तर वाढलेल्या किमतीवर भांडवली कर लागतो. वारसाला गेली की किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने नव्याने धरली जाते, जुना नफा कराच्या हिशेबातून निघून जातो. सल्लागार त्यांना हेच सांगतात, शेवटपर्यंत धरून ठेवा. बाजारात जमीनच येत नाही, मग जो तुकडा येतो त्यावर सगळे तुटून पडतात. गुंतवणूकदारावर बंदी घालून हे बदलणार नाही. बदलायचा तर कर बदला.

काळीमाती
कराचं मान्य. बंदीचा आग्रह तरी सोडत नाही, कारण स्थानिक शेतकरी नसलेले उरलेले तीस टक्के खरेदीदारही बोली वर ढकलतातच. पण कर बदलायची वाट बघत बसलं तर आजचा पंचविशीतला पोरगा चाळिशीचा होईल.

आज त्याच्यासाठी एकच दार उघडं आहे, खंडाची जमीन. राज्यातली निम्म्याहून जास्त जमीन खंडानेच कसली जाते. २०२३ मध्ये खंडाची सरासरी एकरी २७९ डॉलर होती, म्हणजे जमिनीच्या किमतीच्या अडीच टक्क्यांहूनही कमी. हे त्याला कसंबसं परवडतं. नवख्याला जमीन देणाऱ्या मालकाला आयोवा सरकार करात सूट देतं: रोख खंड असेल तर खंडाच्या ५ टक्के, पिकाचा वाटा घेत असेल तर त्याच्या हिश्शाच्या १५ टक्के. इथल्या किती वृद्ध मालकांना हे ठाऊक आहे? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्हतं.

आकडेमोड
सूट चांगली आहे, पण ५ टक्क्यांसाठी कोणी वीस वर्षांचा विश्वासू कसणारा बदलत नाही. मालक विधवा बाई असेल, मुलं शिकागोत असतील, तर वेळेवर चेक देणारा माणूस तिला पुरेसा असतो. आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

काळीमाती
बदलायला सांगतच नाही. साठी-सत्तरीतला कसणारा स्वतःहून थांबतो तेव्हा काय होतं, ते बघा. इथल्या कायद्याने १ सप्टेंबरपर्यंत लेखी नोटीस गेली नाही तर खंड आपोआप पुढच्या वर्षावर जातो, आणि नवं वर्ष १ मार्चला सुरू होतं. तेवढ्या सहा महिन्यांत ती जमीन गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याकडे जाते, कारण फोन त्याचाच पहिला येतो. ऑगस्टमध्ये बँकेने, चर्चने, कोणीतरी त्या बाईला एवढं सांगावं: तुमच्याच रस्त्यावर अमुक मुलगा आहे, एकदा त्याच्याशी बोलून बघा. तुम्ही कर्जाच्या क्षेत्रात आहात, आकडेमोड. तुमच्या कार्यालयात अशा मुलांची यादी असते का?

आकडेमोड
यादी नसते. कर्ज नाकारलेल्यांची असते. त्यातली निम्मी नावं तुम्ही म्हणता तशीच आहेत. सोमवारी विचारतो.