मूळ गाणं गार्थ ब्रूक्सचं
इथे कोणीतरी 'इफ टुमॉरो नेव्हर कम्स' हे आयरिश गायक रोनन कीटिंगचं गाणं म्हणून दिलंय. त्याचं २००२चं, ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं होतं. पण मूळ गाणं अमेरिकन कंट्री गायक गार्थ ब्रूक्सचं, १९८९चं, गीतकार केंट ब्लेझीबरोबर लिहिलेलं. अमेरिकेच्या कंट्री चार्टवर (तिथल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या लोकप्रियता यादीत) ब्रूक्सचं पहिलं नंबर वन. मला तेच आवडतं. गाण्यातल्या माणसाची बायको शेजारी झोपलीय, हा जागाच, आणि डोक्यात एकच: उद्या मी नसलो तर माझं किती प्रेम होतं हे हिला कळलेलं असेल ना? खरी मेख दुसऱ्या कडव्यात आहे. आधी गेलेल्या माणसांना सांगायचं राहून गेलं, म्हणून ही धास्ती. ते कडवं नसतं तर नुसतं गुळगुळीत प्रेमगीत झालं असतं. कीटिंग गातो छान, पण (माफ करा) जरा जास्तच गोड.