प्रति: रेड वाइन घरी मुरवावी का?
‘रेड वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला सरसकट पटत नाही. इटलीच्या बारोलोसारख्या भरपूर टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक) असलेल्या वाइनला ते लागू आहे; ती बाजारात येण्याआधीच किमान 38 महिने मुरवावी लागते. फ्रान्सची हलकी बोजोले मात्र तरुणच प्यावी, तिचा ताजा फळांचा वासच तर हवा असतो!

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचं काय? वाइनला 12-14 अंशांचं स्थिर तापमान लागतं. मी पुण्यात नाशिकची एक शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षांची रेड वाइन) चार वर्षं कपाटात आडवी ठेवली होती. मे महिन्यांच्या उष्म्याने बूच थोडं वर सरकलं होतं, रंग विटकरी झालेला आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी. फार वाईट वाटलं. तिच्याच जोडीची बाटली आणली त्याच वर्षी प्यायलो होतो, ती सुरेख होती.