गच्चीवरची जुनी डिश आणि आमची सांता बार्बरा

पराग (सेक्रेटरी): नमस्कार. सोमवारपासून गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होतंय. टाकीच्या मागे एका जुन्या डिशचा गंजलेला स्टँड पडलाय, कुणाचा असेल तर रविवारपर्यंत उचला, नाहीतर भंगारवाल्याला देतोय.

मनीषा (ए 203): अरे तो केबलवाल्याचा आहे, 92 सालचा! आपल्या गच्चीवर डिश आणि इथून वायरी अख्ख्या गल्लीत गेलेल्या. त्याच्यावर स्टार प्लस लागायचं, तेव्हा सगळं इंग्लिश असायचं, आणि आम्ही चौघीजणी आईच्या मागे बसून सांता बार्बरा बघायचो

सायली (सी 101): सांता बार्बरा!!! ईडन आणि क्रूझ!!! मनीषाताई किती वर्षांनी ऐकलं हे नाव

अद्वैत (बी 404): म्हणजे काय? सिरीज होती का

मनीषा (ए 203): डेली सोप रे. अमेरिकेत एनबीसीवर दुपारी लागायची. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावातलं कॅपवेल म्हणून बडं घराणं, ईडन त्यांची मुलगी, क्रूझ तिचा प्रियकर, त्यांचं हॉटेल, त्यांचे शेजारी लॉकरिज लोक आणि दोघांचं जुनं वैर. आपल्याकडे तोवर आठवड्यातून एकदा येणाऱ्या मालिका बघायची सवय, ही रोज यायची, त्यामुळे एक भाग चुकला की दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणालातरी गाठून काय झालं ते विचारायला लागायचं

देशपांडे काका (ए 501): आमच्या घरात बंदी होती. सगळी अफेअर्स आणि घटस्फोट. मुलांसमोर लावण्यासारखं नव्हतं ते.

सुलभाकाकू (बी 302): देशपांडे, तुमचं म्हणणं मला मान्य नाही, आणि हे मी आज रागाने नाही, मनापासून लिहितेय कारण मी ती मालिका सुरू झाली तेव्हापासून बघितलीय. 30 जुलै 1984 ला सुरू झाली तेव्हा आम्ही न्यू जर्सीत होतो. हे कामावर, मुलगा शाळेत, बाहेर ओळखीचं कोणी नाही, आणि दुपारी तीन वाजता ती माणसं घरात यायची. अफेअर्स होती हो, पण त्याच्यासाठी कोण बसतं रोज तासभर? मी बसायचे त्यांच्या बोलण्यासाठी. काय बोलायची माणसं! मेसन कॅपवेल म्हणजे थोरला मुलगा, वकील, बापाने कधी जवळ न केलेला, दारू पिणारा, आणि तोंड उघडलं की शेक्सपिअर. बापाला असं टोचून बोलायचा की हसू पण यायचं आणि पोटात पण तुटायचं. ते काम करणारा लेन डेव्हिस खरोखरच शेक्सपिअरची नाटकं करणारा नट आहे, म्हणून ती भाषा त्याच्या तोंडात उपरी वाटायची नाही.

सायली (सी 101): काकू मला मेसन आणि ज्युलिया सगळ्यात आवडायचे. ईडन क्रूझ नंतर

सुलभाकाकू (बी 302): ज्युलिया तर माझी लाडकी. ती पण वकील, मेसनच्या तोडीस तोड. तिला मूल हवं असतं आणि नवऱ्यासाठी ताटकळत बसायचं नसतं, म्हणून ती मेसनशी सरळ व्यवहार ठरवते की मूल माझं, तू फक्त बाप हो. ऐंशीच्या दशकात, दुपारच्या मालिकेत! आणि मग हळूहळू त्या व्यवहारातून दोघांचं खरं प्रेम जमतं. देशपांडे, ह्याला तुम्ही नुसतं अफेअर म्हणणार का? ज्युलिया करणाऱ्या नॅन्सी ली ग्रॅनला त्या कामाचं 1989 साली एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं बक्षीस मिळालं. आता ती जनरल हॉस्पिटल ह्या मालिकेत अलेक्सिस करते, 1996 पासून करतेय.

देशपांडे काका (ए 501): एवढं डोकं लावून लिहिलेलं असायचं हे मला माहीत नव्हतं. मी येता जाता जे दोन सीन बघायचो त्यावरून मत केलं होतं.

मनीषा (ए 203): काका सगळ्यांच्या घरी हेच होतं. बाबा खोलीत आले की आई पटकन बीबीसी लावायची

अद्वैत (बी 404): मी आत्ता सर्च केलं तर कोणीतरी बाई हॉटेलच्या पाटीतलं अक्षर अंगावर पडून मेली असं येतंय?? हे खरंय?

सुलभाकाकू (बी 302): खरं आहे बाळा, आणि मी ते त्याच दिवशी टीव्हीवर बघितलंय. 1986 चा उन्हाळा. मेरी म्हणून होती, आधी नन होती मग मठ सोडून बाहेर आलेली, मेसनचा तिच्यावर अतिशय जीव. त्या दगडासारख्या माणसाला मऊ करणारी ती एकच बाई होती. मेरी कॅपवेल हॉटेलच्या गच्चीवर, तिथे ती भलीमोठी दिव्यांची पाटी, आणि त्यातला पहिला सी निसटून थेट तिच्यावर पडला. लोक आता त्याची क्लिप बघून हसतात. मला त्या दिवशी अजिबात हसू आलं नाही, मी हातातला मटार तसाच ठेवून बसून राहिले. अख्ख्या गोष्टीत बापाच्या नावाखाली चिरडला गेलेला मुलगा म्हणजे मेसन, आणि बापाच्या नावाचंच अक्षर त्याच्या मेरीवर पडतं. लिहिणाऱ्याने तो विचार केला होता की नाही कोण जाणे, मला मात्र ते तसंच दिसलं. प्रेक्षक भयंकर चिडले होते तेव्हा, हार्ली कोझॅक ती नटी लोकांना फार आवडायची

सायली (सी 101): बापरे. बापाच्या नावाचं अक्षर हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही

फर्नांडिस आंटी (सी 302): सुलभा, ईडनची केस पण सांग ना ह्या मुलांना. ते मी विसरू शकत नाही.

सुलभाकाकू (बी 302): तूच लिही, तू तेव्हा माझ्याशी किती बोलली होतीस त्यावर

फर्नांडिस आंटी (सी 302): मी हॉस्पिटलमध्ये नर्स होते म्हणून मला ते जास्त लागलं. ईडनवर अत्याचार होतो, 1988 चे भाग ते. नंतर ती तपासणीला जाते, पोलिसांपुढे बोलते, झोपू शकत नाही, क्रूझने नुसता हात लावला तरी दचकते. हे सगळं त्यांनी सावकाश दाखवलं, चार भागात गुंडाळलं नाही. आणि शेवटी कळतं की जो डॉक्टर तिला तपासत होता, जो गोड बोलून धीर देत होता, त्यानेच ते केलेलं असतं. आपल्याकडे बायका ह्या विषयावर शेजारणीशीसुद्धा बोलत नव्हत्या, पण ते भाग लागले तेव्हा आम्ही बोललो. माझ्या वॉर्डमधल्या मुलीसुद्धा बोलल्या. ईडन करणाऱ्या मार्सी वॉकरला 89 चं एमी मिळालं ते अगदी योग्य होतं.

मनीषा (ए 203): आंटी तेव्हा मी लहान होते, आई आम्हाला त्या भागांना बाहेर खेळायला पाठवायची. आत्ता समजतंय का ते

नीलेश (ए 302): मला एक विचारायचंय. इतकी चांगली होती तर बंद का पडली? बोल्ड अँड द ब्यूटिफुल अजून चालू आहे की, 1987 पासून

सुलभाकाकू (बी 302): बोल्डवाल्यांशी मला भांडायचं नाही, मी ते पण बघितलंय, स्टेफनी आणि ब्रूकची झुंज मला आवडायची. पण सांता बार्बराचं नशीबच वेगळं. 88, 89, 90 तिन्ही वर्षं लागोपाठ उत्कृष्ट दैनंदिन मालिकेचं एमी, आणि टीआरपी मात्र अमेरिकेत खालच्याच बाजूला. तीन वाजताची वेळ, समोर एबीसीवर जनरल हॉस्पिटल आणि सीबीएसवर गायडिंग लाइट, दोन्ही वर्षानुवर्षं घट्ट पाय रोवून बसलेल्या. त्यात घरातलंच भांडण. ही मालिका ज्यांनी जन्माला घातली ते ब्रिजेट आणि जेरोम डॉब्सन नवरा बायको, त्यातल्या ब्रिजेटच्या आईवडिलांनीच जनरल हॉस्पिटल सुरू केलेलं, म्हणजे आईबापांच्या मालिकेसमोर लेकीची मालिका! आणि ह्या डॉब्सन दांपत्यालाच मधे त्यांच्या स्वतःच्या मालिकेच्या स्टुडिओत पाय ठेवायला बंदी झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, ते परत आले तोवर लेन डेव्हिस गेलेला, 91 ला मार्सी वॉकर पण गेली. मेसन दुसऱ्या नटाने केला मग तिसऱ्याने, पण ईडन नसलेला क्रूझ बघवेना. क्रूझ करणारा ए मार्टिनेझ एकट्याने किती ओढणार?

सायली (सी 101): काकू तुम्हाला सगळं माहीत असायचं पुढचं ना, तुम्ही अमेरिकेहून आलेल्या

सुलभाकाकू (बी 302): हो गं, इथे मागचे भाग लागत होते. जिन्यात सगळ्या विचारायच्या, चॅनिंगला कोणी मारलं सांगा ना. मी कधीच सांगितलं नाही. ज्याने त्याने वाट बघूनच कळायला हवं असं माझं ठाम मत होतं, अजून आहे.

अद्वैत (बी 404): चॅनिंग कोण आता 🙏

मनीषा (ए 203): लाडका मुलगा, कॅपवेलांचा. गोष्ट सुरू व्हायच्या पाच वर्षं आधी त्याचा खून झालेला. ज्यो पर्किन्स नावाचा साध्या घरातला मुलगा त्या खुनासाठी तुरुंगात जातो, सुटून परत गावात येतो तिथून मालिका सुरू. ज्योचं प्रेम चॅनिंगच्या बहिणीवर, केलीवर. आणि केली कोण होती माहितेय? रॉबिन राइट! फॉरेस्ट गम्पमधली जेनी

अद्वैत (बी 404): काय!! हाउस ऑफ कार्ड्सवाली?

मनीषा (ए 203): तीच. आणि 1990 मधे मेसनच्या लहानपणीचं काम काही भागांत लिओनार्डो डिकॅप्रिओने केलंय

पराग (सेक्रेटरी): हे मला पण नवीन. शेवट काय झाला मालिकेचा? आमच्याकडे केबल उशिरा आली.

सुलभाकाकू (बी 302): 15 जानेवारी 1993 ला शेवटचा भाग. मी तोवर इथे आले होते, तिकडच्या मैत्रिणीने व्हीसीआरवर टेप करून कुणाच्या तरी हाती पाठवला, अमेरिकन पद्धतीची एनटीएससी टेप म्हणून आमच्या मशीनवर चालेना, मग एका ओळखीच्यांच्या सगळ्या टेप चालणाऱ्या मल्टिसिस्टिमवर लावून बघितला. लग्नाचा प्रसंग, सगळे जमलेले, आणि सगळ्यात शेवटी निर्माता पॉल रॉश कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो, सिगार खाली टाकतो, बुटाने चिरडतो आणि निघून जातो. मला ते आवडलं नाही. साडेआठ वर्षं ज्या माणसांना आम्ही रोज बघितलं त्यांचा शेवट असा बुटाखाली नको होता. निरोप ईडनला किंवा मेसनला देऊ द्यायला हवा होता. रशियात तर 92 ला कुठे सुरू झाली होती, तिथे पुढे कित्येक वर्षं वेड्यासारखे बघत होते लोक, त्यांचा तरी मान ठेवायचा.

देशपांडे काका (ए 501): सुलभाताई, एक विचारतो. ते मेसन आणि ज्युलियाचे भाग कुठे मिळतील? सौ. म्हणतेय तिने शेजारी जाऊन चोरून बघितले होते, मला आज सांगतेय.

सुलभाकाकू (बी 302): यूट्यूबवर लोकांनी टेपवरून उतरवून बरेच टाकलेत, पिक्चर अंधुक आहे पण आवाज नीट आहे. वहिनींना म्हणावं शनिवारी भिशी माझ्याकडे आहे, साडेचारला लवकर या, टीव्हीला लावून ठेवते. तुम्ही पण या

देशपांडे काका (ए 501): येतो.

सायली (सी 101): मी पण!! काकू पण आधी मेरीच्या आधीचे भाग लावू या ना, नाहीतर देशपांडे काकांना मेसन तसा का झाला ते कळणार नाही

अद्वैत (बी 404): आणि चॅनिंगला कोणी मारलं ते?

सुलभाकाकू (बी 302): शनिवारी ये आणि स्वतः बघ. मी सांगणार नाही.