तो गोल झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

तुमच्या आठवणीतला फुटबॉलचा गोल आजही कुणीही शोधून बघू शकतो. मला हवाय तो आजूबाजूचा गोंधळ. कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं, कोण ओरडलं, ते लिहा. सुरुवात मी करतो.

२२ जून १९८६, रात्रीचे साडेअकरा. वर्ल्डकप, अर्जेंटिना-इंग्लंड. गिरगावातली आमची चाळ, टीव्ही एकाच बिऱ्हाडात, तोही ब्लॅक अँड व्हाइट. खोलीत वीसेक माणसं, दारात चपलांचा ढीग. मॅराडोनाचा हाताचा गोल आमच्यापैकी एकालाही कळला नाही. ‘काय हेडर मारला!’ म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या. चारच मिनिटांनी तो आपल्या हाफमध्ये चेंडू घेऊन गर्रकन वळला आणि इंग्लंडच्या एकेकाला चुकवत सुटला. आप्पांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ होते. गोल झाल्यावर जो गलका झाला, त्याने कोपऱ्यात झोपलेली आजी उठून बसली: ‘कोण गेलं रे?’

अर्जेंटिनाचे शर्ट त्या दिवशी गडद निळे होते, हे पुढे एका रंगीत फोटोत पाहिलं. माझ्या डोक्यात ते अजूनही काळेच आहेत.

•

कोल्हापूरकर हजर. आमच्यात फुटबॉल म्हणजे पेठेचा मामला. पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम अशी मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर टेकायला जागा मिळत नाही, आणि जावई दुसऱ्या तालमीचा असेल तर त्या दिवशी त्याला जेवायला बोलवत नाहीत. (थोडं वाढवून सांगतोय. थोडंच.)

पण माझा क्षण ९ ऑक्टोबर २०१७ चा. सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्डकप, दिल्लीत भारत-कोलंबिया. टीममध्ये आपला अनिकेत जाधव, म्हणून अख्खी गल्ली टीव्हीपुढं. एक गोलनं मागं होतो. ८२ व्या मिनिटाला कॉर्नर आला, जॅक्सन सिंगनं डोकं लावलं, आत! फिफाच्या वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल. दिवाळी जवळ आलेली, फटाके माळ्यावर होतेच. लवंगीची माळ घेऊन दोन जिने खाली पळालो. काडेपेटी वरच राहिली, मग कट्ट्यावरच्या काकांच्या विडीला वात लावली. माळ तडतडायला लागली आणि वरनं आवाज, ‘बंद कर की भावा, त्यांनी टाकला!’

लवंगी मधेच कशी बंद करणार? शेवटपर्यंत वाजली. काका शांतपणे म्हणाले, ‘वाजू दे. आपला बी झालाय न्हवं.’ १-२ नं हरलो.

•

अंधेरी, ४ जून २०१८. भारताच्या आदल्या सामन्याला मोजून २,५६९ प्रेक्षक होते आणि त्यात मी नव्हते, हे आधी कबूल करते. मग भारताच्या कॅप्टनचा, सुनील छेत्रीचा, तो व्हिडिओ आला, शिव्या द्या पण मैदानात या, असा. ऑफिसातल्या आम्ही तिघी गेलो. त्याचा शंभरावा सामना, समोर केनिया, तिकिटं संपलेली आणि पाऊस असा की चेंडू लाथ मारली तरी डबक्यात अडकून बसायचा. पहिला हाफ कोरा. नंतर छेत्रीची पेनल्टी, मग जेजे, आणि अगदी शेवटी छेत्रीने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलून टाकलेला तो चेंडू. एकीचाही फोटो नाही. तिघींचे मोबाईल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, आणि गाठ ओली.

•

गोव्यातलं फातोर्डा, डिसेंबर २०१५, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्रीकिक आत गेली, एफसी गोवा २-१. वडील म्हणाले, चल, गर्दीच्या आधी गाडी काढू. आम्ही पार्किंगमध्ये, आणि आतला आवाज एकाएकी बसला. थोड्या वेळाने आणखी बसला. चेन्नईने ३-२ ने कप नेला.

वडील आजही म्हणतात, आपण पाहिली तोवर गोवाच जिंकत होता.

•

१८ डिसेंबर २०२२, चुलतभावाची हळद, मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर. आचाऱ्याच्या पोरांनी तेलाच्या डब्याला मोबाईल टेकवून अर्जेंटिना-फ्रान्स लावलेली. आम्ही भावंडं दुसऱ्या मोबाईलवर, आणि आमचं चित्र त्यांच्यापेक्षा अर्धा मिनिट मागे! त्यामुळे प्रत्येक गोल आम्हाला आधी ऐकू यायचा. ३-३. जादा वेळेचे शेवटचे क्षण. ती पोरं ‘गेला, गेला, गेला’ ओरडली आणि एकदम गप्प. मग एक जण खो-खो हसायला लागला.

आमच्याकडे अजून काहीच घडलं नव्हतं. काय झालं ते विचारायचं नाही, असं ताईने डोळ्यांनीच बजावलं. मग आमच्या पडद्यावर फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा पुढे आला आणि अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय लांब केला. माझ्या हातात हळदीची वाटी होती. ती कुणाच्या अंगावर गेली ते सांगत नाही, नवरदेव हा धागा वाचतो.