एमएसची गोळी चालू, नाकाजवळ डाग. गोळी थांबवू का?

बागवाली_तासगाव: यांना एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे, गोळी चालू आहे. नाकाशेजारी काळा डाग आलाय. गावातल्या डॉक्टरांची ट्यूब दोन महिने लावली, फरक नाही. काल मेडिकलवाला म्हणाला, या गोळीने त्वचेचा कॅन्सर होतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आजची गोळी देऊ की नको? लवकर सांगा.

कृष्णाकाठ: गोळी कोणती? किती वर्षं? डाग कधीपासून?

घरचा_वैद्य: गोळ्या आधी बंद करा. आपली सांगलीची हळद दुधात उगाळून लावा. माझ्या आईचे वांग त्यानेच गेले.

कृष्णाकाठ: वांग वेगळे, हे वेगळे. ताई, डागावर काही लावू नका. डॉक्टरांना तो आहे तसा दिसू दे.

बागवाली_तासगाव: पाकिटावर फिंगोलिमोड ०.५ आहे. रोज एक, चार वर्षं झाली. डाग दिवाळीपासून. मसुराएवढा, कड मोत्यासारखी चकाकते. तोंड पुसलं की टॉवेलला रक्त लागतं, खपली धरते, परत निघते.

मिरज_रोड: मी स्वतः हीच घेतो. ताई, मनाने बंद करू नका. लग्नसराईत माझी तीन आठवडे चुकली, तेव्हा डाव्या पायातली ताकद गेली ती अजून पुरती आलेली नाही. परत चालू करताना पहिल्या दिवसासारखं सहा तास नाडी बघत दवाखान्यात बसवलं. पण मेडिकलवाला अगदीच खोटं बोलला नाही. बेसल सेल कार्सिनोमा आणि मेलानोमा, त्वचेच्या या दोन्ही कॅन्सरांचा इशारा माहितीपत्रकात आहे. सुरू करण्याआधी त्वचा तपासायची, मग दर ६ ते १२ महिन्यांनी. यांची तपासली होती का?

बागवाली_तासगाव: नाही हो. ईसीजी काढला, डोळे तपासले. त्वचेचं कुणी बोललंच नाही.

द्राक्षबंधू: फवारणी स्वतः करतात का? त्यानेच असणार. यंदा द्राक्षावरच्या डाऊनी रोगाने आमचा जीव काढलाय. तुमची छाटणी कधीची?

सावली_वाई: एमएसला ऊन चांगलं, व्हिटॅमिन डी वाढतं. सकाळी अर्धा तास बसवा.

मिरज_रोड: व्हिटॅमिन डीच्या पुड्या मिळतात, डॉक्टर लिहून देतात. या गोळीवर मुद्दाम उन्हात बसवायचं नाही. बागेत टोपी, लांब बाह्या.

कृष्णाकाठ: त्वचारोगतज्ज्ञ गाठा, तुकडा काढून बायॉप्सी करतील. तुम्ही सांगताय तसा डाग बेसल सेलचा असू शकतो. आपल्या रंगाच्या माणसात तो बऱ्याचदा काळा दिसतो, म्हणून लोक तीळ समजून सोडून देतात. तो सहसा शरीरात पसरत नाही, वेळेत काढला तर बहुतेक वेळा बरा होतो. न्यूरोलॉजिस्टनाही आजच फोन करा, गोळीचं ते ठरवतील. आणि तळपाय, नखं बघा. सावळ्या त्वचेत मेलानोमा तिथे लपतो.

बागवाली_तासगाव: गोळी दिली. न्यूरोलॉजिस्टना फोटो पाठवला. उद्या दहाला मिरजेत त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लागलाय. आत्ता यांचे तळपाय बॅटरीने बघितले. भेगांत बागेची माती होती, साबण लावून धुतली. डाव्या टाचेवर एक काळा ठिपका राहिलाय, तो निघाला नाही. तोही दाखवते.